डब्याला वायफाय लागेना

साल दोन हजार एकोणीस, आणि मी सत्तर वर्षांचा. माणसाच्या घडण्याचं प्रकरण पुस्तकात सुरुवातीला यायला पाहिजे, एवढं मलाही कळतं. माझं ते इथे आलंय, त्याला इलाज नाही. चौथीत शाळा सुटली, पिठाच्या गिरणीत बापाच्या हाताखाली उभा राहिलो, तिथे जे शिकायचं ते मिसरूड फुटायच्या आत शिकून संपलं. त्यानंतर मला कुणी समोर बसवून काही शिकवलं नाही. मी शिकवू दिलंही नसतं. ते धाडस माझ्या पोराने केलं, चेन्नईत, टीव्हीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. आणि त्या उन्हाळ्यात मला जेवढा राग आला तेवढा उभ्या जन्मात आला नसेल. गिरणीचा पट्टा तुटून अंगावर आला तेव्हाही नव्हता आला.

बायको गेल्यावर अजित, म्हणजे माझा मुलगा, मला गावाहून चेन्नईतल्या पेरुंगुडीला घेऊन आला. नववा मजला. तो सिरुसेरीला कंपनीत, कंपनीची बस त्याला दारातून उचलायची. सून सुजाता, तिचं ऑफिस पेरुंगुडीतच. दोघं गेली की घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान घुरघुरायचा. पहाटे पाण्याची लॉरी यायची, त्या वर्षी नळाला पाणी असं नव्हतंच, आणि खालच्या टाकीत पाइप सोडला की नवव्या मजल्यावर झोपलेल्या माणसालाही ऐकू जायचं. मग भिंतीपलीकडे शेजारच्या अक्कांचा ग्राइंडर सुरू व्हायचा. इडलीचं पीठ. दगडावर दगड फिरतोय, खाली ओलं तांदळाचं पीठ दाटत चाललंय, हे मला भिंतीला पाठ लावून कळायचं. तेवढाच काय तो माझ्या ओळखीचा आवाज त्या शहरात. बाकी सगळं परकं. खालचा वॉचमन मला ताता म्हणायचा, म्हणजे आजोबा. आणि सत्तर वर्षं जो माणूस गावात गिरणीवाले दादा म्हणून चालला, त्याला कुणीही उठून आजोबा म्हटलं की कसं वाटतं, ते ज्याचं त्याला माहीत.

जेवणाचं म्हणाल तर सुजाताने माझ्यासाठी जिवाचं रान केलं, हे खोटं बोलून चालायचं नाही. ऑफिसातून येऊन भाकऱ्या थापायची. पण पाकिटातली ज्वारी ती. केव्हा दळली, कुणी दळली, ठाऊक नाही. भाकरी कडेला चिरायची, आणि तिचा चेहरा पडायचा. मी मुकाट खायचो. पीठ वाईट आहे असं म्हटलं तर ती म्हणणार, मामा माझ्या हातालाच नावं ठेवतात. चिरलेलीच भाकरी मी पुढे तिथल्या सांबारात कुस्करून खायला लागलो आणि ते बरं लागलं, पण तसं मी तिला कधी सांगितलं नाही. आता सांगायला पाहिजे.

मला परत गावी जायचं होतं. गिरणी बंद झालेली, पण तिच्यामागच्या दोन खोल्या माझ्या होत्या, आणि त्या उंबऱ्यावर बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून पुढे जायचा. हे मी अजितला सांगितलं तेव्हा तो दहीभात कालवत होता. त्याने मान वर केली नाही.

"दादा, तिकडे तुम्ही एकटे. काही झालं तर मला कळणार कसं?"

"शेजारी कळवतील की."

"कधी? तिसऱ्या दिवशी?"

मी म्हणालो, "तू जेव आधी." आणि त्या एका वाक्याने मी त्या दिवशी हरलो.

पण अजितही माझाच. आठवडाभराने तो एक छोटा डबा घेऊन आला. पत्त्यांच्या कॅटाएवढा. आत हिरवी पट्टी, तिच्यावर मुंग्या चिकटाव्यात तसे काळे ठिपके, आणि वर एक लाल बटण त्याने स्वतः बसवलेलं. म्हणाला, हा आख्खा कॉम्प्युटर आहे. याच्यात लिनक्स आहे. मी विचारलं, ते काय असतं? म्हणाला, याचा जीव समजा. सकाळी उठलात की बटण दाबायचं, मला चेन्नईत फोनवर कळेल की दादा उठले. सात वाजेपर्यंत दाबलं नाही तर माझा फोन बोंबलेल, आणि मी गावात कुणालातरी तुमच्याकडे पिटाळीन.

"मग दे की. जातो घेऊन."

"असा नाही. गावात वायफायवाल्याने पासवर्ड बदलला, वीज गेली, डबा रुसला, तर कोण येणार? कोऱ्या डब्याला वायफाय तुम्ही स्वतः लावून दाखवा. इथे, या घरात, माझ्या मदतीशिवाय. लागलं की दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो."

"आणि नाही लागलं तर?"

"तर इथेच राहायचं, दादा. आणि परत विषय काढायचा नाही."

मी म्हणालो, ठीक. सौदा करताना मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

त्याने एकदा करून दाखवलं. डब्याची वायर टीव्हीला लावली की काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. डब्याला बाहेरून एकच खाच. तिच्यात एक तर अक्षरांचा कीबोर्ड बसेल, नाही तर वायफाय पकडायची अंगठ्याएवढी कांडी. दोन्ही एकदम नाही. म्हणजे आधी कीबोर्ड लावायचा, एका पानावर घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहायचा, पान जतन करायचं, मग कीबोर्ड काढून तिथे कांडी खोचायची. पासवर्ड बरोबर असेल तर कांडीवर निळा दिवा लुकलुकतो. एवढंच. अजितने ते बोलता बोलता केलं, मध्येच त्याला ऑफिसचा फोन आला, तो बोलत बसला, मग त्याने सावकाश आणखी काहीतरी टपटप केलं, कांडी लावली, आणि निळा दिवा लागला. मग त्याने सगळं पुसून डबा कोरा केला आणि माझ्या हातात दिला.

इंग्रजी अक्षरं मला येतात. गोणींवरचे शिक्के आणि मोटारींच्या पाट्या वाचून शिकलोय. पण कीबोर्डवर ती गावजेवणाला बसल्यासारखी बसलेली असतात, जिथे जागा मिळाली तिथे. एक अक्षर शोधून होईपर्यंत आधीचं काय होतं ते परत बघावं लागायचं. त्यात सुजाताने घरचा पासवर्ड असा ठेवलेला, की एक अक्षर मोठं, बाकी बारकी, मध्ये आकडे, शेवटी ती जाळीसारखी खूण. मोठ्या अक्षरासाठी दोन बटणं एकदम दाबायची. माझी बोटं जाड, तिसरं बटणही दाबलं जायचं. दोघं कामावर गेली की मी बसायचो, ते दुपारच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत. लिहून झालं की मोठ्याने वाचायचो. जतन करायचो. खटका बंद करून कीबोर्ड काढायचो, कांडी खोचायचो, खटका चालू. आणि दिव्याकडे बघत बसायचो.

दिवा लागायचा नाही.

गिरणी बिघडली तर ती सांगते. दगड घासला तर जळका वास येतो, पट्टा सैल पडला तर फटफटतो, बेअरिंग गेलं तर हात ठेवला की चटका बसतो. या डब्याला वास नाही, आवाज नाही, ऊन नाही, थंड नाही. रुसलेल्या माणसाची निदान पाठ दिसते. मी पुन्हा खटका बंद करून कांडी काढायचो, कीबोर्ड लावायचो, पान उघडायचो, कुठे चुकलं ते बघायला. तर पान कोरं. एक अक्षर नाही. सकाळभर एका बोटाने पेरलेलं सगळं गेलेलं.

पहिल्यांदा वाटलं माझंच काही राहिलं. दुसऱ्यांदा जपून केलं. कोरं. मग मी दर वेळी देवाचं नाव घेऊन केलं, मग शिव्या देऊन केलं. कोरं ते कोरंच.

अजितला सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही सेव्ह केलं नसेल."

"केलं. दोनदा केलं."

"मग पान कोरं कसं होईल, दादा? लिहिलेलं असं उडून जात नाही."

"मी सांगतोय ना, लिहिलं होतं."

त्याने सुजाताकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. त्याआधी एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी गॅलरीत लॉरी बघत उभा राहिलो होतो, पातेलं जळलं. आणि एकदा आठव्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच्या दाराची बेल दाबली होती. त्या इमारतीत सगळी दारं एकाच रंगाची, त्यात माझा काय दोष? पण दोघांनी ते मनात ठेवलं होतं. अजित हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी एका डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं दाखवायचं. विसरण्याचं वगैरे बघतात ते."

आज शहात्तराव्या वर्षी चष्मा कपाळावर ठेवून मी तो घरभर शोधतो, आणि माझं मलाच हसू येतं. पण त्या दिवशी मला विसरायला झालेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. वायफाय, गाव, तिकीट, सगळं बाजूला पडलं. मी वेडा ठरत होतो माझ्याच घरात, तेही एका पत्त्यांच्या कॅटामुळे. मी ताटावरून उठलो. सुजाता म्हणाली, "मामा, भाकरी तरी..." मी म्हणालो, "विसरलो भूक लागलेली." बोलल्यावर वाईट वाटलं, पण बोललेलं काही कोरं होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेल्यावर मी शेजारी पद्माक्कांचं दार वाजवलं. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्याच. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं बाई माझी थट्टा करतेय. जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी भाषा, आणि तिला तमिळचा हेल. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, दोन्ही मुलं परदेशात.

"या राव. उभे कां? बसा. कॉफी घ्याल?"

"कॉफी नंतर. मला साक्षीदार पाहिजे."

"अय्यो! कोणास मारिलें?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टरचं सांगताना माझा आवाज चढला. त्यांनी हातातला डांगर पच्चडीचा, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाचा, वाडगा झाकून ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चला. पाहूं तुमचा डबा."

त्या माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, शाळेतल्या बाईंनी वह्या तपासायला बसावं तशा. मी एकेक अक्षर लिहीत गेलो, त्या मोठ्याने वाचत गेल्या. एकदा म्हणाल्या, "हें बारकें आलें, मोठें पाहिजे," मी दुरुस्त केलं. एकदा म्हणाल्या, "राव, एवढ्या जोरानें नको. कळा आहेत त्या, खिळे नव्हेत." सगळं झालं, जतन केलं, त्यांच्यासमोर पान बंद करून परत उघडून दाखवलं. अक्षर न्‌ अक्षर जागेवर. अक्का म्हणाल्या, "बरोब्बर. शंभरपैकीं शंभर." मी लगेच खटका बंद केला, कीबोर्ड काढला, कांडी लावली. दिवा नाही. परत खटका बंद, कांडी काढली, कीबोर्ड, पान उघडलं.

कोरं.

अक्कांनी पडद्याला नाक लावून बघितलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "राव, मीहि वेडी जाहलें कां?" खरं सांगतो, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

संध्याकाळी अजित-सुजाता यायच्या आधीपासून अक्का आमच्याकडे येऊन बसलेल्या. दार उघडल्याबरोबर त्यांनी अजितला चपलाही काढू दिल्या नाहीत. "हें पाहा बाळ, तुझ्या बापानें लिहिलें. मीं वाचिलें. डॉक्टराकडे न्यायचें असेल तर दोघांसहि ने."

अजित म्हणाला, "अक्का, तसं नाही..."

"तसें नाही तर कसें?"

सुजाता मात्र पर्स खांद्यावर ठेवूनच उभी होती. तिने विचारलं, "लिहिलं, सेव्ह केलं. मग काय केलं?"

"मग काय," अक्का म्हणाल्या, "खटका बंद केला."

"केव्हा? किती वेळाने?"

"लगेच. ह्यांचा हात विजेसारखा चालतो."

सुजाताने कपाळाला हात लावला. "मामा, खटका कशाला बंद केला?"

"कशाला म्हणजे? आत हात घालायचा म्हणून." हा काय प्रश्न झाला? आमच्या बापाने मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. करंट चालू असताना यंत्रात हात घालायचा नाही. पट्ट्याला शिवायचं असो की दगड उचलायचा असो, आधी मेन खाली. आमच्या शेजारच्या गावच्या गिरणीवाल्याची दोन बोटं गेली होती, ती ज्या घाईने गेली ती घाई मी आयुष्यात केली नाही. खाचेत बोट घालायचं तर खटका बंद होणारच. त्याचा विचार थोडाच करावा लागतो?

ती खाली बसली माझ्यासमोर. "मामा, सेव्ह केलं की हा लगेच कार्डावर लिहीत नाही. थोडा वेळ मनात धरतो आणि मग सवडीने लिहितो. तुम्ही त्याआधीच वीज काढून घेता. म्हणजे बघा, दळून झालेलं पीठ अजून गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडातच आहे, आणि तुम्ही खालचा डबा उचलून गिऱ्हाइकाला देताय."

माझी गिरणी मलाच समजावून सांगणारी ती जगातली पहिली बाई. मला पटलं तेव्हाच, आणि म्हणूनच राग जास्त आला.

"मग हे आधी सांगायचं की! ह्याने दाखवलं तेव्हा हा काही बोलला नाही."

अजित म्हणाला, "दादा, मी शटडाउन करून मगच वायर काढली होती. ते सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? मला नव्हतं माहीत. अक्कांना नव्हतं. या खोलीत चार माणसं, त्यातल्या दोघांना नव्हतं. सगळे कुठले?"

अक्का पदराआड हसल्या. मी अजितला म्हणालो, "लिहिलेलं कागदावर उतरलं की नाही हे न सांगणारं यंत्र मी तरी दारात उभं केलं नसतं." आजही माझं मत तेच आहे.

मी परत बसलो. यावेळी तिघं पाठीमागे उभी. एक चूक झाली, अजित पुढे वाकला तर अक्कांनी त्याचा शर्ट धरून मागे ओढला. लिहिलं, जतन केलं. सुजाताने सांगितला तो बंद करायचा शब्द लिहिला आणि डबा आपणहून मालवेपर्यंत हाताची घडी घालून बसलो. मग खटका बंद. मग कांडी. खटका चालू.

निळा दिवा लुकलुकला. मी लाल बटण दाबलं आणि अजितच्या खिशात फोन वाजला.

अक्कांनी टाळ्या वाजवल्या. सुजाता म्हणाली, "मामा, जिंकलात." अजितने फोन काढून बघितला, परत खिशात ठेवला. म्हणाला, "शनिवारचं कॅन्सल करतो." मग हात धुवायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. रात्री जेवताना त्याने गावाचं नाव काढलं नाही, तिकिटाचंही नाही, आणि मीही विचारलं नाही. सौदा झालेला होता. पाळणं त्याच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉरीच्या आवाजाला उठलो. आंघोळ केली, चहा केला, डबा गॅलरीतल्या प्लगला लावून समोर घेऊन बसलो आणि बटणाला हात लावला नाही. नवीन दगड बसवला की पहिलं दळण गिऱ्हाइकाचं घालायचं नसतं, आधी घरचं घालून बघायचं असतं. सात वाजू दिले.

आत त्याचा फोन जो बोंबलला, तो भिंतीपलीकडचा ग्राइंडरही थांबला. न्हाणीघराचं दार आपटलं. माझ्या खोलीचं दार आपटलं. "दादा!" मग स्वयंपाकघरात, मग परत माझ्या खोलीत, "दादा! अहो दादा!" एवढंसं तर घर. गॅलरीच्या दारात आला तेव्हा अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा, आणि चेहरा असा की तो पाच वर्षांचा असताना जत्रेत हरवून सापडला होता तेव्हाही मी तसा बघितला नव्हता. त्याने मला बघितलं. माझ्या हातातली कपबशी बघितली.

"असली परीक्षा घेतात का, दादा?"

"तू माझी घेतलीस ती?"

फोन आत बोंबलतच होता. मी उठून त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला. मग बटण दाबलं. घर गप्प झालं.

"चालतोय डबा," मी म्हणालो. "तिकीट काढ आता."

त्याने मान हलवली, फेस पुसला आणि आत जायला वळला. तो दारातून आत गेल्यावर मी मागून हाक मारून सांगितलं, "दिवाळीनंतरचं काढ."